सुटलेलं कलम

११ फेब्रुवारी २०२० रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी नेहमीचं मासिक अपडेट सोडलं. त्याचा क्रमांक केबी४५३२६९३. दोन-तीन दिवसांतच वेगवेगळ्या देशांतून एकाच धाटणीच्या तक्रारी येऊ लागल्या. अपडेट झालं, कॉम्प्युटर रीस्टार्ट झाला आणि डेस्कटॉप कोरा करकरीत. आदल्या रात्रीपर्यंत समोर असलेले फोटो, अर्धवट लिहिलेले अहवाल, मुलांच्या प्रकल्पांची फोल्डरं, सगळं गायब. स्टार्ट मेनूसुद्धा दुकानातून नुकत्याच आणलेल्या मशिनसारखा.

बहुतेकांच्या फाइली जागेवरच होत्या. विंडोजने लॉगिन करताना त्यांचं रोजचं प्रोफाइल न उघडता एक तात्पुरतं प्रोफाइल उघडलं होतं. मूळ फोल्डर सी ड्राइव्हवरच्या 'यूजर्स'मध्ये, नावाला 'बॅक' किंवा तीन शून्यांची शेपटी लागून, जसंच्या तसं पडून होतं. काही जणांना तर पुन्हा दोन-तीनदा रीस्टार्ट केल्यावर आपला जुना डेस्कटॉप परत मिळाला.

याच्या सोळा महिने आधीची गोष्ट मात्र वेगळी आहे. २ ऑक्टोबर २०१८ रोजी विंडोज १० चं मोठं सहामाही अपडेट आलं, आवृत्ती १८०९. त्यानंतरही लोकांना 'डॉक्युमेंट्स'चं फोल्डर रिकामं दिसलं, पण या खेपेला ते खरोखर रिकामं झालं होतं. कारण मोठं चटका लावणारं आहे. अनेकांनी आपलं डॉक्युमेंट्स फोल्डर सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर वळवलेलं होतं. वळवल्यावर जुन्या जागी त्याच नावाचं फोल्डर उरतं. अपडेटने ते 'रिकामं डुप्लिकेट' समजून साफ केलं. ज्यांनी पत्ता वळवला होता पण जुन्या फाइली तिथेच ठेवल्या होत्या, त्यांच्या फाइली त्या सफाईत गेल्या. चार दिवसांत अपडेटचं वाटप थांबवावं लागलं आणि ते पुन्हा सुरू झालं ते १३ नोव्हेंबरला. मधल्या काळात कंपनीने ज्यांच्या फाइली गेल्या त्यांना पहिली विनंती केली ती अशी, की त्या मशिनचा वापर होईल तितका कमी करा आणि आमच्याशी संपर्क साधा.

दोन्ही वेळी माणसाला समोर दिसलं ते एकच, रिकामं फोल्डर. एकाचं सगळं शाबूत होतं, दुसऱ्याचं गेलं होतं, आणि पडद्याकडे बघून या दोघांत फरक करता येत नव्हता. म्हणूनच रीस्टार्टनंतर रिकामी दिसणारी डिस्क समोर आली की पहिल्या तासाभरात हात काय करतात, याला फार मोल आहे. माल हरवलेला नसताना तो हरवतो, तो बहुतेक वेळा याच तासात.

लिनक्सच्या जगातही हा प्रसंग येतो, आणि त्याचं मूळ पन्नास वर्षांहून जुन्या एका सुंदर कल्पनेत आहे. जुलै १९७४ मध्ये डेनिस रिची आणि केन थॉम्पसन यांनी युनिक्सची ओळख करून देणारा लेख प्रसिद्ध केला. त्यात 'माउंट' या क्रियेचं वर्णन आहे. युनिक्सला, आणि त्याच्या धर्तीवर बनलेल्या लिनक्सलाही, सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह अशी वेगळी घरं नसतात. एकच झाड असतं. दुसरी डिस्क लावायची म्हणजे त्या झाडाचं एखादं टोक निवडायचं आणि तिथे दुसरं अख्खं झाड आणून जोडायचं. कोकणात गावठी आंब्याच्या खुंटावर हापूसची काडी बांधतात, तसं हे कलम आहे. वापरणाऱ्याला जोड दिसत नाही. 'डेटा' नावाच्या फोल्डरमध्ये शिरलं की तो नकळत दुसऱ्या डिस्कवर जातो.

आंब्याचं कलम एकदा जगलं की जगलं. हे कलम मात्र मशिन बंद झालं की सुटतं आणि चालू झालं की पुन्हा बांधावं लागतं. कुठली डिस्क कुठल्या फोल्डरवर बांधायची याची यादी 'एफएसटॅब' नावाच्या एका छोट्या साध्या फाइलमध्ये असते. यादीत ओळ नसेल, किंवा ओळीत डिस्कचं नाव चुकीचं असेल, तर कलम बांधलंच जात नाही. खुंट उघडा राहतो. आणि खुंट म्हणजे एक साधं, रिकामं फोल्डर.

समजा, तालुक्याच्या गावातलं एक कर सल्लागाराचं कार्यालय आहे. कोपऱ्यात एक सर्व्हर, त्यात दोन डिस्क. लहान डिस्कवर लिनक्स, मोठ्या डिस्कवर सगळ्या पक्षकारांचे हिशेब. दोन वर्षांपूर्वी ज्या मुलाने हे बसवलं, त्याने मोठी डिस्क हाताने माउंट करून दिली आणि यादीत ओळ घालायची राहून गेली. सर्व्हर दोन वर्षं बंदच झाला नाही, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. एका संध्याकाळी लाईट गेली, यूपीएसची बॅटरी संपली, सकाळी मशिन चालू झालं. "साहेब, हिशेबाच्या फोल्डरमध्ये काहीच नाही."

किंवा ओळ होती, पण तिच्यात डिस्कचं नाव 'एसडीबी' असं लिहिलं होतं. ही नावं डिस्कवर कोरलेली नसतात. मशिन चालू होताना ज्या क्रमाने डिस्क सापडतील त्या क्रमाने लिनक्स त्यांना ए, बी, सी अशी अक्षरं वाटतो. मध्ये कुणी नवी डिस्क बसवली, केबल दुसऱ्या खाचेत खोचली, की कालची बी आज सी होते. म्हणून जाणती माणसं यादीत 'यूयूआयडी' लिहितात. डिस्कवर फाइली मांडायची रचना, म्हणजे फाइल सिस्टिम, तयार होतानाच तिला मिळालेला हा लांबलचक क्रमांक खाच बदलल्याने बदलत नाही.

आता त्या सकाळी त्या कार्यालयात नेमकं काय बघायचं?

तीन खुणा आहेत आणि तिन्ही काही न लिहिता, नुसतं वाचून तपासता येतात. पहिली खूण म्हणजे जागा. 'डीएफ' ही आज्ञा त्या फोल्डरवर चालवली, की ते कुठल्या डिस्कवर आहे आणि तिथे किती जागा भरली आहे ते दिसतं. चार टेराबाइटच्या डिस्कऐवजी तिथे सव्वाशे जीबीची सिस्टिम डिस्क दिसली, तर उत्तर मिळालंच. आपण मोठ्या डिस्ककडे बघतच नाही आहोत. सोबत 'एलएसबीएलके' चालवलं की मशिनला जोडलेल्या सगळ्या डिस्क आणि त्यांचे भाग झाडासारखे मांडलेले दिसतात. ती चार टेराबाइटची डिस्क तिथे असते, पण तिच्या पुढे कुठल्याच फोल्डरचं नाव नसतं.

दुसरी खूण जास्त गोड आहे. लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइल सिस्टिममध्ये प्रत्येक फाइलला आणि फोल्डरला एक इनोड क्रमांक असतो. सर्वांत वरच्या फोल्डरचा क्रमांक ठरलेला, २. 'एलएस' या आज्ञेला आय आणि डी ही अक्षरं जोडून त्या फोल्डरचा क्रमांक विचारायचा. २ आला तर कलम बांधलेलं आहे. भलामोठा सहा-सात आकडी क्रमांक आला तर समोर नुसता खुंट आहे.

तिसरी खूण म्हणजे 'लॉस्ट अँड फाउंड'. ईएक्सटी४ डिस्क फॉरमॅट होतानाच तिच्या माथ्यावर या नावाचं एक फोल्डर तयार होतं आणि सहसा कुणी ते काढत नाही. हिशेबाचं फोल्डर उघडल्यावर आत फक्त लॉस्ट अँड फाउंड दिसलं, तर डिस्क जोडलेली आहे आणि आतलं काही खरंच गेलंय, म्हणजे काळजीचं कारण आहे. तेसुद्धा दिसलं नाही, काहीच दिसलं नाही, तर सुटकेचा श्वास घ्यायला हरकत नाही. अगदी पूर्ण रिकामं फोल्डर हे इथे शुभचिन्ह आहे, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही.

भरलेली जागा बघायची ही सवय विंडोजवाल्यांच्याही कामाची. गेल्या दीड दशकात महाराष्ट्रातल्या गावोगावच्या झेरॉक्सच्या दुकानांतून आणि सायबर कॅफेतून जो 'शॉर्टकट व्हायरस' पेन ड्राइव्हवर बसून घरोघर गेला, त्याने किती विद्यार्थ्यांना रडवलं असेल! तो फाइली पुसत नसे. त्यांना 'हिडन' आणि 'सिस्टिम' अशा दोन खुणा लावून नजरेआड करत असे. पेन ड्राइव्ह उघडला तर रिकामा, पण त्याच्या प्रॉपर्टीज बघितल्या तर आठपैकी सहा जीबी भरलेले. 'अ‍ॅट्रिब' नावाच्या एका ओळीच्या आज्ञेने त्या खुणा निघतात आणि प्रबंध, मार्कशीट, लग्नाचे फोटो परत येतात. दुकानदाराने किंवा मित्राने "खराब झालाय, फॉरमॅट मार" असं सांगितलं आणि ज्याने ते ऐकलं, तो मात्र फसला.

कर सल्लागाराच्या कार्यालयातही खरा धोका रिकाम्या फोल्डरचा नसतो. ते फोल्डर रिकामं आहे हे माणसाच्या आधी प्रोग्रॅमना दिसतं, आणि प्रोग्रॅम भराभर कामाला लागतात, यात तो धोका आहे.

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या अधिकृत पुस्तिकेत याबद्दल स्पष्ट सूचना आहे. डेटाबेस वेगळ्या डिस्कवर ठेवायचा असेल तर जिथे डिस्क जोडता त्या फोल्डरलाच डेटाचं फोल्डर करू नका. त्याच्या आत आणखी एक फोल्डर करा आणि डेटा त्यात ठेवा. वरवर ही किरकोळ टापटीप वाटते. पण डिस्क जोडली गेली नाही तर ते आतलं फोल्डर सापडतच नाही आणि डेटाबेस सुरू व्हायलाच नकार देतो. हा नकार फार मोलाचा. कारण रिकामं फोल्डर दिसलं की नवा डेटाबेस तयार करून टाकणारी व्यवस्था आज सर्रास वापरली जाते. प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात बंद करून चालवणाऱ्या 'डॉकर' या व्यवस्थेसाठीची पोस्टग्रेसची अधिकृत प्रतिमा, म्हणजे तयार गठ्ठा, नेमकं हेच करते. मग सकाळी कर्मचारी येतात, लॉगिन चालतं, पडदा नेहमीसारखा दिसतो, फक्त जुन्या नोंदी नाहीत. कुणीतरी नव्या नोंदी घालायला सुरुवात करतं. दुपारी डिस्क जोडली जाते आणि त्या नव्या नोंदी जुन्या डिस्कखाली झाकल्या जातात. आता एकाच दिवसाचे हिशेब दोन ठिकाणी आहेत आणि त्यातलं एक ठिकाण अदृश्य आहे.

झाकलेलं काढता येतं. मूळ झाड दुसऱ्या एखाद्या फोल्डरवर 'बाइंड' पद्धतीने पुन्हा माउंट केलं, की तिथे कलमाविना नुसता खुंट दिसतो आणि खाली अडकलेल्या फाइली उचलून घेता येतात. सिस्टिम डिस्क भरली म्हणून मशिन ओरडतंय आणि कुठली फाइल जागा खातेय तेच सापडत नाही, तेव्हाही बऱ्याचदा मूळ इथेच निघतं.

त्याहून वाईट गत बॅकअपची होते. रात्री दोन वाजता 'आरसिंक' हिशेबाच्या फोल्डरची नक्कल दुसऱ्या मशिनवर करतो. त्याला 'डिलीट' असा पर्याय दिलेला असतो, म्हणजे मुळात जे नाही ते नकलेतूनही काढायचं. त्या रात्री मूळ फोल्डर रिकामं आहे. आरसिंकच्या दृष्टीने यात काही चूक नाही. फोल्डर आहे, वाचता येतं, आत काही नाही. तो इमाने इतबारे नक्कलही रिकामी करतो आणि काम यशस्वी झाल्याचं कळवतो. डिस्कवरचा माल शाबूत असताना बॅकअप मात्र गेला! एका वेळी किती फाइली पुसू द्यायच्या याला मर्यादा घालणारा 'मॅक्स-डिलीट' हा पर्याय आरसिंकमध्ये आहे. तो लिहायला दहा सेकंद लागतात, पण फारच थोडे जण तो लिहितात. म्हणूनच रिकामं फोल्डर दिसल्यावर पहिलं काम हे, की ठरावीक वेळी आपोआप चालणारी सगळी कामं थांबवायची. डिस्क शोधायचं काम त्याच्यानंतर.

डिस्क जोडायच्या प्रयत्नात आणखी एक चकवा आहे, ज्याने अनुभवी माणसंही घामाघूम होतात. यादीतली ओळ दुरुस्त केली, माउंटची आज्ञा दिली, काही चूक दाखवली नाही, फोल्डर उघडलं तर तरीही रिकामं. पुन्हा आज्ञा, पुन्हा रिकामं. आता मात्र डिस्कच गेली असं वाटू लागतं. इथे खेळ 'सिस्टिमडी'चा असतो. मशिनमधल्या सगळ्या सेवा सांभाळणाऱ्या या व्यवस्थेने सकाळी जुनी यादी वाचून ठेवलेली असते. त्या यादीतली डिस्क अस्तित्वात नाही, म्हणून त्या फोल्डरवर काहीही जोडलं की ती ते तत्काळ सोडवते. कलम बांधायचं आणि मागून कुणीतरी दोरा कापायचा, असा प्रकार. 'डेमन-रीलोड' ही आज्ञा देऊन तिला यादी पुन्हा वाचायला लावली की डिस्क जागेवर टिकते. माउंटच्या नव्या आवृत्त्या आता तशी सूचनाही पडद्यावर देतात.

याच सिस्टिमडीचा एक निर्णय मात्र योग्य वाटतो. यादीतली डिस्क सापडली नाही तर ती साधारणपणे ९० सेकंद थांबते आणि मग मशिन पुढे न नेता आणीबाणीच्या स्थितीत उभं करते. लोकांना याचा वैताग येतो. मग ओळीत 'नोफेल' असा शब्द घातला जातो, म्हणजे डिस्क नसली तरी पुढे जा. लांबच्या सर्व्हरसाठी हा शब्द लागतो, कारण आणीबाणीत अडकलेल्या मशिनपर्यंत नेटवरून पोचता येत नाही. पण ज्या मशिनवर डेटाबेस आहे तिथे नोफेल लिहिणं म्हणजे रिकामं फोल्डर घेऊन बिनबोभाट काम सुरू करायला परवानगी देणं. मशिन अडलं तर निदान माणूस येऊन बघतो.

कधी डिस्क आणि फोल्डर यांच्यामध्ये आणखी थर असतात, आणि गाठ त्यांपैकी एकाशी सुटलेली असते. दोन-तीन डिस्क एकत्र बांधलेला रेड संच 'एमडी०' या नावाने तयार केला, पण ते नाव सेटिंगमध्ये नोंदवलं नाही, तर रीस्टार्टनंतर तोच संच 'एमडी१२७' म्हणून उगवतो आणि यादीला तो सापडत नाही. डिस्कचे खंड पाडणाऱ्या एलव्हीएम या व्यवस्थेतले खंड निष्क्रिय राहिले तर एका आज्ञेने जागे होतात. झेडएफएस या फाइल सिस्टिममधला कुलूपबंद साठा किल्ली दिल्याशिवाय उघडत नाही आणि तोपर्यंत त्याचं फोल्डर रिकामं दिसतं. उपाय सगळीकडे सारख्या धर्तीचा आहे, जे आहे ते जोडायचं. रेडच्या बाबतीत मात्र एका शब्दाची धास्ती बाळगावी. 'असेंबल' म्हणजे आहे तो संच जुळवणं, 'क्रिएट' म्हणजे नवा संच मांडणं. घाबरलेला माणूस क्रिएट लिहितो, डिस्कचा क्रम चुकतो आणि जो संच पाच मिनिटांत उभा राहिला असता त्याच्या नोंदीच पुसल्या जातात.

इथवर माल शाबूत होता. आता डिस्कवरच्या नोंदीच बिघडल्या असतील तर?

ईएक्सटी४ डिस्कच्या सुरुवातीपासून १०२४ बाइट सोडून एक नोंद असते, सुपरब्लॉक. फाइल सिस्टिम केवढी आहे, तिचे ठोकळे केवढे आहेत, किती मोकळे आहेत, अशी सगळी कुंडली त्यात. ती खराब झाली की माउंट नकार देतं आणि डिस्क ओळखू येत नाही. पण ज्यांनी ही फाइल सिस्टिम घडवली त्यांनी या दिवसाची तजवीज करून ठेवली आहे. सुपरब्लॉकच्या नकला डिस्कभर ठरावीक जागी पेरलेल्या असतात. ठोकळा ४ केबीचा असेल तर पहिली नक्कल ३२७६८ व्या ठोकळ्यात, पुढच्या ९८३०४, १६३८४०, २२९३७६ या ठोकळ्यांत. ठोकळ्यांचे गट पाडलेले असतात आणि १ क्रमांकाच्या आणि ३, ५ व ७ यांचे घात असलेल्या क्रमांकांच्या गटांत नक्कल ठेवतात, म्हणून हे आकडे असे येतात. 'ईटूएफएससीके' या दुरुस्ती प्रोग्रॅमला ३२७६८ हा आकडा सांगितला की तो पहिली पानं सोडून तिथून कुंडली वाचतो. मेलेली वाटणारी डिस्क कितीदा तरी या एका आकड्यावर उठून बसते.

हे आकडे विसरले तर कुठे मिळतात? इथे काळजाचा ठोका चुकावा अशी जागा आहे. डिस्क फॉरमॅट करणारा प्रोग्रॅमच ते सांगतो. त्याला 'एन' हे अक्षर जोडून चालवलं तर तो काही न करता, केलं असतं तर नकला कुठे ठेवल्या असत्या तेवढं छापतो. एन लिहायचं राहिलं तर तो खरंच फॉरमॅट करतो. घाबरलेल्या माणसाने या वाटेला जाऊच नये. ४ केबीच्या ठोकळ्यासाठी ३२७६८ हा आकडा कागदावर लिहून सर्व्हरच्या पेटीवर चिकटवावा.

दुरुस्तीच्या या प्रोग्रॅमचा पूर्वज 'एफएससीके' १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात टेड कोवाल्स्की यांनी लिहिला. त्याआधी युनिक्समध्ये 'आयचेक', 'डीचेक' अशी सुटी हत्यारं होती आणि चालवणाऱ्याला फाइल सिस्टिमची रचना तोंडपाठ असावी लागे. एफएससीके सगळ्या नोंदी ताडून बघतो आणि ज्या फाइलींचं नाव व पत्ता हरवलाय पण अंग शाबूत आहे, त्या उचलून लॉस्ट अँड फाउंडमध्ये ठेवतो. ते फोल्डर आधीच तयार असतं आणि त्याच्यासाठी थोडी जागा आधीच राखलेली असते, यामागेही विचार आहे. बिघडलेल्या डिस्कवर दुरुस्ती चालू असताना नवी जागा मागायची वेळ येऊ नये. तिथे सापडणाऱ्या फाइलींना नाव नसतं, फक्त इनोडचा क्रमांक. एकेक उघडून बघायची आणि ओळखायची. हे काम कंटाळवाणं आहे, पण ज्याने ते केलंय त्याला विसाव्या फाइलीत आपला हरवलेला ताळेबंद सापडल्याचा आनंद सांगावा लागत नाही.

एफएससीके डिस्कवर लिहितो, हे मात्र विसरून चालत नाही. आणि डिस्क यंत्र म्हणून आजारी असेल, टकटक आवाज येत असेल, तर तो चालवणं म्हणजे मोडक्या पायावर पळवणं. आधी अख्ख्या डिस्कची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यायची आणि सगळे प्रयोग त्या नकलेवर करायचे. अँटोनियो डिआझ डिआझ यांनी लिहिलेला 'डीडीरेस्क्यू' हे काम समजूतदारपणे करतो. सहज वाचता येणारा भाग तो आधी वाचून घेतो, अडणारे भाग बाजूला ठेवतो, त्यांची नोंद एका फाइलीत ठेवतो आणि मग परत फिरून त्यांच्याशी झगडतो. मध्येच लाईट गेली तर तिथून पुढे चालू करता येतो. नकलेवर मग क्रिस्तोफ ग्रनिए यांचा 'टेस्टडिस्क' हरवलेले विभाग शोधतो, आणि तेही जमलं नाही तर त्यांचाच 'फोटोरेक' फाइल सिस्टिमकडे दुर्लक्ष करून फाइलींच्या अंगावरच्या खुणा शोधत जातो. प्रत्येक जेपीईजी फोटोची सुरुवात ठरलेल्या बाइट्सनी होते, तेवढ्यावर तो फोटो ओळखतो. नावं आणि तारखा जातात, चेहरे परत येतात.

डिस्क जोडलेली, फाइली दिसतायत, पण प्रत्येकीचा आकार शून्य, असाही एक प्रकार आहे. २००९ च्या सुरुवातीला उबुंटू या लिनक्सची येऊ घातलेली आवृत्ती वापरून बघणाऱ्यांनी ही तक्रार केली. मशिन अडकलं, जबरदस्तीने रीस्टार्ट केलं, आणि नुकत्याच जतन केलेल्या फाइली कोऱ्या. ईएक्सटी४ तेव्हा नवी होती, डिसेंबर २००८ मध्ये स्थिर म्हणून जाहीर झालेली. आधीच्या ईएक्सटी३ मध्ये मजकूर साधारण पाच सेकंदांत डिस्कवर पोचत असे. नव्या रचनेत वेग वाढावा म्हणून जागा देण्याचं काम लांबवलेलं होतं, त्यामुळे नाव लगेच नोंदलं जाई आणि मजकूर बराच वेळ मेमरीत राही. फाइल सिस्टिमचे प्रमुख विकासक थिओडोर त्सो यांनी प्रोग्रॅमरना सांगितलं, की मजकूर डिस्कवर हवाच असेल तर 'एफसिंक' करून तसं मागा. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर होतं. तरीही त्यांनी जुन्या सवयीने लिहिलेल्या प्रोग्रॅमसाठी कर्नलमध्ये सुधारणा घातल्या, म्हणजे जुनी फाइल बदलून नवी ठेवताना मजकूर आधी उतरावा. नियमावर बोट ठेवून ते थांबले नाहीत, म्हणून आज कितीतरी लोकांच्या फाइली वाचतात.

आणि कधी कधी माल खरंच गेलेला असतो. २३ जून २०२१ च्या सुमारास वेस्टर्न डिजिटलच्या 'माय बुक लाइव्ह' या घरगुती साठवणपेट्या जगभर एकाएकी रिकाम्या झाल्या. फोल्डरांची नावं होती, आत काही नव्हतं. नोंदवहीत दिसत होतं, की पेटीला कारखान्यातून निघाल्यासारखं कोरं करण्याची आज्ञा मिळाली होती. ती बाहेरून, इंटरनेटवरून आली होती. या पेट्यांना शेवटचं अपडेट २०१५ मध्ये मिळालं होतं आणि कोरं करण्याआधी पासवर्ड विचारणारा कोडचा भाग बंद करून ठेवलेला होता. कंपनीने पेट्या इंटरनेटवरून ताबडतोब काढायला सांगितलं आणि पुढे डेटा परत मिळवण्याची सेवा देऊ केली. घरोघरचे बाळंतपणापासूनचे फोटो त्या एका पेटीत होते. एवढं मोलाचं काम करणाऱ्या पेटीला सहा वर्षं कुणी वाली नव्हता, हे संतापजनक आहे.

एसएसडीच्या जमान्यात पुसलेलं परत मिळण्याची आशा आणखी कमी झाली आहे. जुन्या चकतीच्या डिस्कवर पुसलेला मजकूर त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तसाच राहत असे. एसएसडीला 'ट्रिम' नावाची सूचना मिळते, की हे ठोकळे आता नको आहेत, आणि मग ती ते आतून मोकळे करून टाकते. अनेक लिनक्स मशिनवर ही सूचना आठवड्यातून एकदा आपोआप जाते. फाइली चुकून पुसल्या गेल्याचं शनिवारी लक्षात आलं आणि सोमवारी बघू म्हटलं, तर मध्ये ट्रिमची फेरी होऊन गेलेली असू शकते.

मुंबई आणि पुण्यात आता मोठ्या क्लाउड कंपन्यांची डेटा सेंटर आहेत. मायक्रोसॉफ्टचं पुणे केंद्र २०१५ पासून, अ‍ॅमेझॉनचं मुंबई केंद्र २०१६ पासून. तिथे भाड्याने घेतलेल्या मशिनला कधी कधी एक वेगवान तात्पुरती डिस्क मिळते. अ‍ॅमेझॉनच्या 'इन्स्टन्स स्टोअर'मधला डेटा रीबूटमध्ये टिकतो, पण मशिन 'स्टॉप' करून पुन्हा 'स्टार्ट' केलं की जातो, कारण ते दुसऱ्याच यंत्रावर उठू शकतं. रीबूट आणि स्टॉप-स्टार्ट एकच समजणाऱ्या नवख्या मुलाला हा फरक कामाला लावण्याआधी सांगायला हवा. इथे शोधायला डिस्कच उरत नाही.

मग शेवटचा आधार उरतो तो बॅकअपचा, आणि तोही दगा देऊ शकतो. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीत एका थकलेल्या अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचं डेटाबेसचं फोल्डर पुसलं. चूक लक्षात येऊन त्याने हात आवरला तोवर सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप ठेवायच्या जागी जाऊन बघितलं, तर तीही रिकामी. बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रॅमची आवृत्ती डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हती, तो रोज अपयशी होत होता, आणि तसं कळवणाऱ्या ईमेल पोचतच नव्हत्या. सुमारे सहा तासांपूर्वी त्याच अभियंत्याने दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या एका स्नॅपशॉटने, म्हणजे त्या क्षणाच्या नकलेने, त्यांना तारलं. कंपनीने ही सगळी हकिगत, आकड्यांसह, लपवाछपवी न करता जगासमोर मांडली. त्या अभियंत्याचा बळी दिला नाही. डेटा सांभाळणाऱ्या प्रत्येकाने तो वृत्तांत वाचावा असा आहे.

त्या तालुक्याच्या कार्यालयात मात्र गोष्ट सोपी होती. रात्रीचा बॅकअप थांबवला, हिशेबाचा प्रोग्रॅम बंद केला, डिस्क आधी फक्त वाचण्यापुरती जोडली. इनोड २. लॉस्ट अँड फाउंड जागेवर आणि त्याच्या शेजारी सगळ्या पक्षकारांची फोल्डरं. यादीत यूयूआयडीची ओळ घातली आणि माणसं समोर असतानाच मशिन एकदा मुद्दाम रीस्टार्ट करून बघितलं.

जाण्याआधी डिस्क क्षणभर सोडवली आणि उघड्या खुंटावर एक रिकामी फाइल करून ठेवली. तिचं नावच 'डिस्क जोडलेली नाही, कुणी काही लिहू नका, आधी फोन करा'. मग 'चॅटर' या आज्ञेने त्या फोल्डरला कुलूप घातलं, म्हणजे डिस्क नसताना त्यात कुठल्याही प्रोग्रॅमला काही लिहिता येऊ नये. डिस्क परत जोडली. आता ती फाइल हिशेबांच्या खाली झाकलेली आहे, कुणाला दिसत नाही. पुढच्या वेळी लाईट जाऊन कलम सुटलं, तर सकाळी फोल्डर उघडणाऱ्याला पहिली तीच दिसेल.